सूरगडाच्या अलीकडे

रस्त्याच्या कडेला किल्ल्याची किंवा लेण्यांची पाटी दिसली की भाई ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचे. क्रेन हळू व्हायची. मान खिडकीबाहेर काढून ते पाटी पूर्ण वाचायचे, बाण जिकडे असेल तिकडच्या डोंगराकडे बघायचे आणि पाटी मागे पडली की म्हणायचे, "ऱ्हायला." मग पुढे कोणी नसलं तरी हॉर्न दाबून धरायचे. लांब, भांडखोर हॉर्न. जणू तो किल्ला राहण्यात पुढच्या रिकाम्या रस्त्याचा काही दोष होता.

तुमच्यापैकी जे मुंबई-गोवा रस्त्याने येतात-जातात त्यांनी ती क्रेन पाहिली असेल. जुन्या ट्रकवर बसवलेली, पिवळा रंग उडालेली, मागे हूक झुलणारी. तुम्ही पाहिली तेव्हा बहुतेक त्या हुकाला काहीतरी चेपलेलं लटकत असणार आणि तुम्ही नजर फिरवली असणार. मला ती सोय नव्हती. अपघात झालेल्या गाड्यांचं नुकसान मोजणं हे माझं काम. मी विमा कंपन्यांचा सर्वेअर, पेणला राहतो. वडखळपासून कोलाडपर्यंत कुठेही ट्रक आडवा झाला की आम्हा दोघांना फोन यायचा. त्यांना गाडी उचलण्यासाठी, मला फोटो काढण्यासाठी. मी त्यांना भाई म्हणायचो. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "सर्वेअर, बस." एवढंच.

भाईंचं घर निडीच्या बाजूला. आमच्याकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत एक पिढी तरी आखातात जाऊन आलेली असतेच, तसे तेही तरुणपणी गेले होते. सौदीत ट्रेलर चालवून परत आले आणि इथे क्रेन घेतली. अंगाने बुटके, मान जाड, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. राग नाकाच्या शेंड्यावर नव्हे, थेट तळहातावर असायचा.

त्या तळहाताचा अनुभव मी घेतला आहे. सुकेळी खिंडीत एक टेम्पो टँकरवर मागून घुसला होता. टेम्पोचा क्लीनर पत्र्यात अडकलेला, कण्हत होता. मी सवयीने फोन काढला आणि आधी नंबरप्लेटचा, मग केबिनचा फोटो घेऊ लागलो. काम नवीन नव्हतं, डोळे मेलेले होते. कानाखाली असा आवाज झाला की मी संरक्षक कठड्यावर आपटलो.

"आधी माणूस," भाई म्हणाले. "पत्रा मग."

क्लीनरला त्यांनी साखळीने पत्रा ओढून बाहेर काढलं. त्याचे दोन्ही पाय गेले होते, तो वाटेतच संपला. नंतर नागोठण्याला चहा पिताना त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं.

"जोरात लागली काय?"

"हो."

"लागायलाच मारली," ते म्हणाले आणि माझ्यापुढे स्वतःची खारी सरकवली.

दुसऱ्या एका वेळी खाद्यतेलाचा ट्रक उलटला होता. ड्रायव्हर रस्त्यात रक्ताने माखून बसलेला आणि लोक बादल्या, हंडे, डबे घेऊन तेलाला लागलेले. एका बाईने तर त्याच्या पायाशी डबा टेकवला. भाईंनी आरडाओरडा केला नाही. क्रेनचा लांब लोखंडी हात, बूम, वर घेतला आणि तो वजनदार हूक माणसांच्या डोक्यांवरून झुलवायला सुरुवात केली, पाळण्यासारखा. लोक तेलात घसरत, पडत, एकमेकांना तुडवत पळाले. "कोणाला लागला असता तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग तू फोटो काढला असतास."

अशा माणसाला किल्ल्यांचं आणि लेण्यांचं वेड कसं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. ते वेडही म्हणता येणार नाही. वेड्या माणसाने निदान पाहिलेले तरी असतात. भाईंनी काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे फक्त राहिलेल्या जागा होत्या.

एकदा वडखळला वाहतूक तुंबली असताना त्यांनी सांगितलं. सौदीत मदीना ते तबूक या रस्त्यावर ते वर्षानुवर्षं ट्रेलर नेत. वाटेत मदाइन सालेह लागतं. डोंगर कोरून केलेल्या प्रचंड कबरी. लांबून नुसते डोंगर दिसतात, वळून आत गेलं की कबरी. पण ती शापित वस्ती मानतात. तिथल्या लोकांवर खुदाचा कोप झाला होता, तेव्हा तिथे रेंगाळू नये, जायचं तर रडत जावं, असं जाणती माणसं सांगतात. बरोबरचे ड्रायव्हर तो टप्पा आला की खिडक्या वर करून गाडी दामटत. हेही दामटत.

"इतक्या खेपा केल्या," भाई म्हणाले, "एकदा पण वळलो नाय. आणि परत आलो तेव्हा आमचा मौलाना काय म्हणतो? रडत जा सांगितलंय, जाऊ नको कुठे सांगितलंय? म्हटलं, अरे, मला आधी सांगायचंस. घरची आठवण येऊन रोज रडतच होतो, त्याच रडण्यात बघून घेतलं असतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

इकडे आल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आपल्या रस्त्यावरचं काही सोडायचं नाही. आणि सगळं सुटत गेलं. अवचितगड रोह्यात शिरताना रोज दिसतो, म्हणून कधीच झाला नाही. कुड्याच्या लेण्यांशी तर आम्ही पोहोचलो होतो. क्रेन खाली लावली होती, भाई पायऱ्या चढू लागले होते. ते क्रेन घेऊनच सगळीकडे जात, लग्नालासुद्धा. माझ्या गाडीत बसायला नकार द्यायचे. म्हणायचे, "तुझी गाडी एक दिवस उचलायची हाय मला. आत्ताच कशाला ओळख वाढवू?"

तर पायऱ्यांवर असताना माझा फोन वाजला. भाई मागे न बघता म्हणाले, "उचलू नको."

मी उचलला. नागोठण्याजवळ कॉइलचा ट्रेलर. लोखंडी पट्ट्याची ती अजस्र गुंडाळी साखळ्या तोडून केबिनवर आली होती. आम्ही पायऱ्यांवरून उलटे फिरलो. पोहोचलो तेव्हा केबिनमध्ये वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते मी लिहीत नाही. भाईंनी गुंडाळी उचलली, जे होतं ते चादरीत घेतलं, हात मातीने घासले आणि परतताना त्या दिवशी एकही पाटी वाचली नाही. मी फोन उचलला नसता तरी तो ड्रायव्हर मेलाच होता. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. असे फोन मी किती वेळा उचलले, ते मात्र सांगवत नाही.

मग सूरगड आला. खांबच्या फाट्याने आत गेलं की घेरासूरगड गाव, तिथून तासाभराची चढण. कुणीतरी भाईंना सांगितलं की गडावर एक कोरलेला दगड आहे, त्यावर आपली बाळबोध अक्षरं आहेत आणि फारसीही आहेत. त्या दिवसापासून त्यांनी बाकीच्या पाट्यांना हॉर्न वाजवणं सोडलं.

"मला लिपी लागते," ते म्हणाले. "अर्थ नाय लागला तरी अक्षर लागेल. बोट फिरवून वाचीन. किल्ला तर कोणी पण बघतो रे. मी वाचून येईन."

त्याच वर्षी त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं आखातात, दोह्याला बोलावलं. भाभी वारल्या होत्या, घरात एकटेच. क्रेन विकायची ठरली. भाई मला म्हणाले, "दगड वाचला की जातो. त्याच्या आधी नाय." मुलाला वाटलं, म्हातारा कारणं काढतोय. मला माहीत होतं, हे कारण नाही.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. त्यांच्या सांगण्यावरून मी फोन बंद केला होता. खांबच्या अलीकडे रस्ता माणसांनी भरलेला दिसला. एक ट्रक तिरका उभा होता आणि त्याच्या चाकाशी मोटरसायकल. मोटरसायकलवरची बाई जागीच गेली होती. तिचा नवरा तिच्या शेजारी बसून तिची चप्पल शोधत होता. आणि लोक ट्रकच्या केबिनवर चढून ड्रायव्हरला बाहेर ओढत होते.

ड्रायव्हर परमुलखातला, पंचविशीतला. त्याने दार आतून बंद केलं होतं. काच फुटलेली. एकाने त्याचे केस धरून डोकं काचेच्या कडेवर आपटलं, दुसरा खालून बांबू खुपसत होता. कोणीतरी डिझेलची टाकी उघडा म्हणून ओरडलं. ते मी स्पष्ट ऐकलं.

"भाई, बाजूने काढा," मी म्हणालो. "पोलीस येतील."

"येतील," भाई म्हणाले. "तोवर हा ऱ्हाणार नाय."

त्यांच्या धंद्यात एक नियम होता आणि तो मोडल्याबद्दल त्यांनी स्वतःच्या माणसांना बडवलेलं मी पाहिलं होतं. हूक लागला की केबिनमध्ये माणूस नको. त्या दिवशी त्यांनी क्रेन उलटी घेत गर्दीत घुसवली. लोकांना वाटलं, ट्रक बाजूला करायला आली. दोघांनी तर वाट करून दिली. भाई खाली उतरले, ट्रकच्या पुढच्या आसाला साखळी घातली, हूक अडकवला आणि मागच्या लिव्हरशी जाऊन उभे राहिले. ट्रकचं तोंड वर उचललं जाऊ लागलं. ड्रायव्हरसकट.

केबिनवरचे लोक उड्या मारून पडले. दार माणसांच्या डोक्याइतकं वर गेलं, मग हाताबाहेर जायला लागलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सगळे भाईंकडे वळले.

मी क्रेनच्या केबिनमध्ये काच वर करून बसलो होतो आणि आरशात बघत होतो. दोन्ही हात लिव्हरवर असल्यामुळे भाईंना अंगावर येणारा एकही फटका अडवता येत नव्हता. लिव्हर सोडली असती तर केबिन तिथेच थांबली असती, लोकांच्या हाताच्या अंतरावर. त्यांनी सोडली नाही. पाठीत बांबू बसले. कोणीतरी ट्रकमधली टॉमी काढली, टायर उघडायची ती लोखंडी, आणि डाव्या गुडघ्यावर घातली. एकदा. परत त्याच जागी. मला तो आवाज आला. पत्र्याचे सगळे आवाज मला ओळखू येतात. हा पत्र्याचा नव्हता.

ट्रकचं तोंड हाताबाहेर गेल्यावरच भाईंनी लिव्हर सोडली आणि क्रेनचं दार धरून, हातांवर स्वतःला ओढत ते आत आले. तोंड पांढरं पडलेलं.

"क्लच दाब," ते म्हणाले.

"काय?"

"पाय गेला माझा. तुझ्या पायाने क्लच दाब."

मी जवळजवळ त्यांच्या मांडीवर बसलो. ते स्टिअरिंग आणि गिअर सांभाळत होते, मी त्यांच्या मोडलेल्या पायावरून पाय घालून क्लच दाबत होतो. "दाब. सोड. हळू सोड, गाढवा." समोरच्या काचेवर दगड पडत होते. मागे ट्रक तोंड वर करून येत होता आणि त्यातला ड्रायव्हर आईला हाका मारत होता. कोलाडला पोलिसांपर्यंत आम्ही असे गेलो. तिथे ड्रायव्हरला खाली घेतल्यावर तो भाईंच्या पायावर पडला, नेमका त्याच पायावर. भाईंनी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग बेशुद्ध झाले.

इस्पितळात मी विचारलं, "त्याची चूक असली तर?"

"असेल," ते म्हणाले. "पण मारून टाकल्यावर कोणाला विचारणार?"

गुडघ्यात पट्ट्या, स्क्रू बसले. डॉक्टरांनी चढण कायमची बंद केली. साखर होती, जखम भरता भरेना. मुलाने तिकीट पाठवलं.

मला राहवेना. एक दिवस मी एकटाच सूरगड चढलो, घेरासूरगडातल्या शेवटच्या घरातल्या मावशींकडून वाट विचारत. माझा नंबरही त्यांना देऊन ठेवला, वर चुकलो तर म्हणून. दगड सापडला. मी त्याचे फोटो काढले. मला चांगले काढता येतात, समोरून, कडेने, जवळून. संध्याकाळी निडीला जाऊन फोन भाईंच्या हातात दिला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, वाचताहेत.

"तू बोट लावलंस?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

त्यांनी फोन भिंतीवर फेकला. तो फुटून पलंगाखाली गेला. "माझा पण फोटो काढून ने," ते ओरडले. "चारी बाजूंनी काढ. क्लेम पास करून टाक." मग कुबडी उचलली आणि माझ्या अंगावर आले. मी अंगणात पळालो. शेजारची बाई आपल्या सुनेला म्हणाली, "आत ये गो, भाईचा डोका फिरलाय." ते ऐकून भाई दारातच बसले.

त्यांच्या विमानाला दोन दिवस उरले असताना सकाळीच माझ्या नव्या फोनवर घेरासूरगडच्या मावशी बोलल्या.

"भाऊ, तो लंगडा बाबा तुमचाच काय? पहाटेच रिक्षाने आला, कुबडी घेऊन चढला वर. आता मध्ये बसलाय. पायातून रगत येतंय. पोरं आणायला गेली तर दगड मारतो."

मी पोहोचलो तेव्हा गावातले तिघे जण झाडाआड उभे होते. एकाच्या कपाळावर टेंगूळ आलेलं. वर, कातळाच्या एका टप्प्यावर भाई बसले होते. कुबडी मोडली होती. विजारीचा डावा पाय काळा झालेला. ते तिथवर कसे चढले ते मला कळेना. खाली पाहिलं तर वाटेवर गवत दोन बाजूंना दबलेलं होतं. ते बसून, मागे सरकत, हातांनी चढले होते. मागे, त्यांच्या डोक्यावर, तटबंदी दिसत होती.

"भाई, मी आहे," मी म्हणालो.

दगड माझ्या खांद्याला लागला. दुसरा छातीला. मी थांबलो नाही, फार काही शौर्य म्हणून नाही. मला वाटलं, हे दगड माझेच आहेत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा त्यांच्या हातात एक होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"सर्वेअर," ते म्हणाले, "वर ने. मग खाली फेकलंस तरी चालेल."

मी जखम पाहिली. टाके उसवले होते, आतली पट्टी दिसत होती. बूट रक्ताने भरला होता. ओठ निळसर. गावातल्या त्या टेंगूळवाल्याने चढून येत विचारलं, "दादा, वर नेऊ काय? अर्ध्या तासाचंच काम हाय. आम्ही तिघं हाव."

भाई माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी एकच काम केलं आहे. मोडलेल्या गोष्टीकडे बघायचं आणि काय दुरुस्त होईल, काय भंगारात जाईल ते ठरवायचं. त्यात मी क्वचित चुकतो असं लोक म्हणतात. अर्धा तास वर, मग ती सगळी उतरण, मग गाडी, मग रोहा. ते रक्त एवढं पुरणार नव्हतं. कदाचित पुरलं असतं. हे मी आजही ठरवू शकलेलो नाही, आणि तुम्हाला विचारतो आहे असंही नाही.

"खाली," मी म्हणालो.

त्या तिघांनी त्यांना उचलून माझ्या पाठीवर दिलं. अरुंद वाटेवर दोघांनी मिळून धरून नेणं शक्य नव्हतं. मी पहिलं पाऊल उतरलो आणि त्यांनी मला मारायला सुरुवात केली. मुठींनी, मानेवर, कानांवर, खांद्यांवर. पूर्ण ताकदीने. शिव्या आधी मराठी, मग अरबी. एका फटक्याने माझा चष्मा गेला. मागून येणारा पोरगा म्हणाला, "दादा, मी घेऊ काय?" मी नको म्हणालो. उतार घसरडा होता. मी गवत धरत, कातळ चाचपत उतरत होतो, आणि ते मारत होते. पायाखाली नीट दिसत नव्हतं. त्यांचं रक्त माझ्या पोटरीवरून चपलेत उतरत होतं.

झाडी सुरू झाली तसे फटके हळू पडायला लागले. मग मध्ये अंतर पडायला लागलं. मग एक मूठ माझ्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली.

तोवर मला भीती वाटली नव्हती. आता वाटली.

"भाई," मी म्हणालो. "मारा. मारत राहा."

त्यांनी मारलं नाही. मानेवर त्यांचा श्वास लागत होता, गरम आणि तुटक. मी तो मोजत नव्हतो. एक संपला की पुढचा येतो का, एवढ्याकडे कान लावून उतरत होतो. गाव अजून दिसत नव्हतं.